देवाचे आभार मंडळीसमोर का मानायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सलाम.

चर्चच्या उपासनेतल्या उपकारस्तुतीबद्दल, म्हणजे मिळालेल्या उपकाराबद्दल मंडळीसमोर देवाचे आभार मानण्याबद्दल, मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. ती इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही म्हणता: दर रविवारी कुणीतरी उभं राहून सांगतं, मुलाला नोकरी लागली, फ्लॅटचा ताबा मिळाला, ऑपरेशन नीट पार पडलं, प्रभूचे आभार. ‘माझे मिस्टर डायलिसिसवर होते आणि गेले. प्रार्थना आम्हीही केली होती. आम्ही काय सांगायचं? आभार मानायचे तर दार लावून मानावेत, असं खुद्द येशूनंच सांगितलंय.’

दार लावून प्रार्थना करा, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहेच. पण लोकांनी बघावं म्हणून चव्हाट्यावर उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांबद्दल तो बोलतोय. तोच येशू मरण पावलेल्या आपल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी वर बघून सर्वांच्या देखत पित्याचे आभार मानतो, आणि भोवती उभ्या असलेल्या लोकांसाठी मी हे बोललो, असंही सांगतो. दहा कुष्ठरोगी बरे झाले त्यातला एकच परत फिरला, तोही मोठ्यानं देवाचं गौरव करत. बाकीचे नऊ याजकाकडे निघाले होते, म्हणजे येशूनं सांगितलेलंच करत होते, आणि आभार मानले नाहीत म्हणून त्यांचा रोग परत आला असं ही गोष्ट सांगणारा शुभवर्तमानकार लूक कुठेही लिहीत नाही. आभार ही बरं होण्याची फी नव्हे. नऊ जणांकडे ‘कुठे आहेत?’ एवढीच विचारणा आहे.

माझा खरा आधार मात्र जुन्या करारातल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात आहे. हा भाग आपण कंटाळून उलटून टाकतो. उपकारस्तुतीच्या अर्पणाचं मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही उरवायचं नाही, असा तिथे नियम आहे. बरोबर पोळ्या आणि खमीर घातलेल्या भाकरीही. आता अख्खं मेंढरू एका घराला एका दिवसात संपतंय का? शेजारपाजार, नातलग, जो दिसेल त्याला बोलवावंच लागणार. आणि जेवायला बसलेला माणूस विचारणारच, आज काय विशेष? मग सांगा, आजारपण कसं गेलं ते. मी तो नियम असा वाचतो: ज्याच्यावर उपकार झाला त्याचं सुख त्याच्या घरात कोंडून राहू नये. 116व्या स्तोत्रात मरणाच्या तोंडातून सुटलेला माणूस आपले नवस देवाच्या सर्व लोकांसमोर फेडीन म्हणतो. सगळं स्तोत्र ‘मी’, ‘मला’, ‘माझा’ असं आहे, आणि तरी ते सगळ्यांनी मिळून गायचं आहे. आपल्याला मराठी माणसांना हे नवं नाही. अभंगातला ‘मी’ एकट्याचा असतो आणि टाळ शंभर जणांच्या हातात असतात. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर तीच चाल आपल्या उपासनेत आणली.

म्हणून साक्ष, म्हणजे देवानं काय केलं ते कुणी उभं राहून सांगतं ते, ऐकताना मी एकच बघतो: या आभारातलं कुणाच्या ताटात काही पडलं का? फ्लॅटचा ताबा मिळाला म्हणून पेढे वाटून बसणं वेगळं, आणि भाड्याच्या खोलीतून काढलेल्या एखाद्या कुटुंबाला महिनाभर त्या घरात ठेवून घेणं वेगळं. इथे तुमचा राग मला पूर्ण पटतो. ‘आम्ही उपवास केला म्हणून आमच्या मुलाला नोकरी लागली’ असं कुणी म्हणालं, की शेजारच्या बाकावर ज्याच्या मुलाला लागली नाही त्याच्या पदरात दोष पडतो. येशूच्या दाखल्यात मंदिरात आलेल्या परूश्याची, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातल्या माणसाची, प्रार्थनाही ‘तुझे आभार मानतो’ अशीच सुरू होते, आणि लगेच ‘मी या जकातदारासारखा नाही’ वर येते. असं बोलणं पाळकांनी तिथल्या तिथे थांबवावं. भीड बाळगू नये.

आता तुमच्या मिस्टरांबद्दल. त्यांच्या जाण्याबद्दल आभार माना, असं मी तुम्हाला कधीच सांगणार नाही, आणि कुणी सांगितलं तर ऐकूही नका. लाजराच्या कबरेपाशी आभार मानण्याआधी येशू रडला. 88वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी आभाराची एक ओळसुद्धा नाही, तरी ते आपल्या बायबलात आहे. आपल्या उपासनांमध्ये ते वाचलं जात नाही, ही आपली मोठी उणीव आहे. हबक्कूक संदेष्टा तर म्हणतो, द्राक्षवेलींना फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. नाशिकच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. 2014च्या गारपिटीनंतर निफाड-दिंडोरीकडे ज्यांनी बागा बघितल्या, त्यांना तर नाहीच.

त्या वर्षी आमच्या हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकातलं काही देवापुढे आणायच्या उपासनेला, एक शेतकरी आला. एरवी तो द्राक्षांची पेटी आणायचा. त्या दिवशी अंड्यांचा एक ट्रे आणला, वेदीपुढे मेथीच्या जुड्या आणि केळीच्या घडाशेजारी ठेवला आणि म्हणाला, “बाग गेली. कोंबड्या राहिल्या.” पुढे बोलवेना. कुणी ‘देवाची योजना’ वगैरे म्हटलं नाही. भक्ती संपल्यावर आणलेल्या वस्तूंचा लिलाव झाला, ट्रे एकानं घेतला, परत लिलावाला ठेवला, दुसऱ्यानं घेतला, असं चालत राहिलं. त्याचं रडणं आणि त्याचे आभार एकाच वाक्यात होते, आणि दोन्ही ऐकायला मंडळी हजर होती. दार लावलं असतं तर दोन्ही त्याच्या एकट्याच्या गळ्यात अडकली असती.

तेव्हा साक्षी बंद करा, असं मला वाटत नाही. त्याच वेळेत शोकालाही जागा हवी. साक्षीसाठी कोण येतंय असं विचारताना, कुणाचं ओझं आहे का, हेही पाळकांनी विचारावं, आणि मग 13वं किंवा 88वं स्तोत्र वाचावं. आमच्या पाळकांकडे मी हे मागणार आहे. तुम्हीही तुमच्याकडे मागा. तोवर साक्षीच्या वेळी बसून राहिलात तर कुणाचं काही देणं लागत नाही.

उपकारस्तुतीचं दान ज्यात घालतात त्या पाकिटावर नाव घालावं का, हेही तुम्ही विचारलंय. नको असेल तर घालू नका. मिस्टरांबरोबरच्या संसाराबद्दल द्यावंसं वाटलं तर तेवढंच कारण लिहा, आणि डायलिसिसला येण्याजाण्याचं भाडं ज्यांना परवडत नाही अशा कुणासाठी तरी ते वापरा, असं पाळकांना सांगून ठेवा.