नगामागे वीज किती, ते बघा
फॅक्टोरिओ या कारखाना उभारायच्या व्हिडिओ गेममध्ये वस्तू बनवणारं असेंबलिंग मशीन 3 वीज फार खातं, म्हणून त्याचा खालचा प्रकार 1 च परवडतो, असं तुमच्या लेखात म्हटलंय. मोड्यूल (मशीनचा वेग, वीजवापर बदलणारे जोडभाग) नसतील तर पटतं: 1 ला 75 किलोवॅट, वेग 0.5, म्हणजे वेग 1 ला जे काम एका सेकंदात होतं त्याला 150 किलोज्यूल. 3 ला 375 किलोवॅट, वेग 1.25, म्हणजे 300. पण 3 मध्ये चार मोड्यूल बसतात, 1 मध्ये एकही नाही. पहिल्या पातळीची तीन एफिशियन्सी (वीज वाचवणारी) मोड्यूल्स टाकली की वापर 80 टक्के उतरतो (त्याखाली जातच नाही) आणि 300 चे थेट 60 होतात! आमच्या कुपवाड एमआयडीसीतही मशीन घेताना आधी एचपी विचारतात, तासाला नग किती ते नंतर. कृपया हा हिशेब लेखात घाला, नवीन पोरं उगाच 1 वरच अडकून बसतात.