गटाराआधी गटाराचा शेवट दाखवा

ग्रामसभेत बंदिस्त गटाराचा विषय निघाला की लगेच हात वर होतात. गटार संपणार कुठे, हे कुणी विचारत नाही. इस्टिमेट शेवटच्या चेंबरपाशी थांबतं आणि पुढे ओढा. म्हणजे वरच्या आळीची डबकी गोळा करून खालच्या आळीच्या विहिरीकडे धाडायची.

आधी हिशोब. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. त्यातलं ६५ ते ७० टक्के सांडपाणी होतं. पाच माणसांच्या घराचं साधारण १८० लिटर. मुरमाड जमिनीत एवढं पाणी दाराशी जिरतं, गटार लागतच नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने हेच केलं आणि गावातले डास हटवले. हा शोषखड्डा ४ फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल. मधे २ फूट व्यासाची सिमेंटची टाकी, तिला वरच्या अंगाला भोकं, भोवती दगड. गाळ टाकीत बसतो, वरचं पाणी भोकांतून दगडांत जातं.

बिघडतं ते इथेच. काटकसर म्हणून टाकी वगळतात आणि खड्डा विटांचे तुकडे, वाळू, जे मिळेल त्याने भरतात. साबणाचा चिकटा, केस, खरकटं थेट दगडांत जाऊन वर्षाच्या आत खड्डा तुंबतो. मग ‘शोषखड्डे चालत नाहीत’ असा निकाल! दगडांवर पोतं किंवा जाड प्लॅस्टिक टाकून मगच माती ओढायची, नाहीतर पहिल्या पावसात तीच माती खाली उतरते. मोरीच्या तोंडाला जाळी हवी. टाकी उघडून गाळ काढता येईल असं झाकण हवं. वर फरशी बसवून कोबा केलेले खड्डे पाहिले की हसावं की रडावं कळत नाही.

काळ्या जमिनीत मात्र शोषखड्ड्याचा हट्ट नको. ती माती भिजली की फुगते आणि छिद्रं मिटतात. खात्री करायची तर शोषखड्ड्याच्या खोलीवर फूटभर खड्डा घ्या, रात्रभर पाणी भरून ठेवा, सकाळी पुन्हा भरून पातळी किती उतरते ते मोजा. इंचभर उतरायला अर्ध्या तासाच्या आत वेळ लागला तर ठीक. तासापेक्षा जास्त लागला तर जागा सोडा.

अशा ठिकाणी ५० घरांच्या गटात खडीचा वाफा करावा, म्हणजे खडी आणि झाडांच्या मुळांतून सांडपाणी गाळून साफ करणारा उथळ हौद. २५० माणसांचं रोजचं सांडपाणी सुमारे ९,००० लिटर. वाफ्यात पाण्याचा तीन दिवस मुक्काम धरला तर २७ घनमीटर पाणी. खडीत पोकळी ४० टक्के, म्हणून वाफा ६७ घनमीटरचा. खोली ६० सेंटिमीटर ठेवली की जागा लागते एक गुंठ्याहून थोडी जास्त. एवढी गावठाणाच्या कडेला निघते. आधी गाळटाकी, मग वाफा. दोन्ही टोकांना मोठे दगड, मधे बारीक खडी, त्यात कर्दळ किंवा पाणकणीस. बाहेर पडणाऱ्या पाइपला उभा एल्बो लावून पाणी खडीच्या दोन-तीन इंच खालीच राखायचं. वर पाणी दिसलं की डास आलेच. पावसाचं पाणी वाफ्यात शिरू नये म्हणून गाळटाकीआधी बायपास ठेवा, नाहीतर जुलैत सगळा गाळ खडीत जाऊन बसतो.

आणि एक गोष्ट ग्रामपंचायती बोलत नाहीत. कित्येक सेप्टिक टँकचे पाइप त्याच गटारात सोडलेले असतात. मग ते मोरीचं पाणी राहत नाही, मैलापाणी होतं आणि वरचं सगळं गणित कोसळतं. ते पाइप आधी तोडा, त्या घरांच्या टँकला स्वतंत्र शोषखड्डा द्या. नवीन शौचालयाला सेप्टिक टँकऐवजी दोन खड्डेच करा, तेही विहीर-बोअरपासून निदान ३० फूट दूर. विहीर उताराच्या खालच्या अंगाला असेल तर आणखी लांब.

पैसा नाही, हे कारण अर्धंच खरं आहे. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत वस्तीच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंतची तरतूद आहे, शिवाय वित्त आयोगाचा बंधित निधी, जो पाणी-स्वच्छतेवरच खर्चायचा असतो. अडतं ते गाळटाकी उपसणाऱ्या माणसाच्या पगारावर. तो आकडा ठरावातच लिहून घ्या, पाणीपट्टीच्या शेजारी.