पिंपं घडवा, नाव विसरा

मोठ्या गेम स्टुडिओत नोकरी धरावी का, असं विचारताय? डोळे मिटून धरा. मी पुण्यात तीन वर्षं केली, अनुभवाचे बोल आहेत.

एसी गार, कॉफी फुकट, लॉबीत पुरुषभर उंचीचा तलवारवाला पुतळा. नातेवाईक त्याच्याशेजारी फोटो काढून घेतात आणि दर दिवाळीला विचारतात, "अजून गेमच खेळतोस का रे?"

छोट्या स्टुडिओत एकच माणूस कोड लिहितो, चित्रं काढतो आणि चहाही सांगतो. मोठ्या ठिकाणी असला गोंधळ नाही. मी अकरा महिने गेममध्ये दिसणारी पिंपं केली. लाकडी पिंप, फुटकं पिंप, गंजक्या पट्ट्यांचं पिंप, पावसात भिजलेलं पिंप. गेम कशाबद्दल आहे हे मला ट्रेलर बघून कळलं.

शनिवार-रविवार मोकळे मिळाले की माणूस बिघडतो. क्रंच, म्हणजे गेम संपवायच्या घाईत चालणारं जादा तासांचं काम, तसं होऊ देत नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या होणाऱ्या बायकोने 2004 साली या तासांवर खरमरीत पत्र लिहिलं, ओव्हरटाइमचे खटले झाले, कंपनीला कोट्यवधी डॉलर मोजावे लागले. त्याचा धडा आमच्याकडे पुरेपूर घेतलाय: रात्री दहानंतर पिझ्झा येतो.

गेम आपटला तरच नोकरी जाते, हा गैरसमज काढून टाका. मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2024 मध्ये गेमिंगमधले 1,900 लोक कमी करायचं जाहीर केलं; मे महिन्यात 'हाय-फाय रश'सारखा वाखाणलेला गेम करणाऱ्या टँगो गेमवर्क्सला टाळं लावायचं ठरवलं.

पोर्टफोलिओत काय दाखवायचं? एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, वाचा.

आणि क्रेडिट्स! गेम बाजारात यायच्या दोन महिने आधी मी नोकरी सोडली. गेल्या आठवड्यात तोच गेम स्वतःच्या पैशाने विकत घेतला आणि आईला मुद्दाम जागं ठेवून शेवटची नामावली लावली. चाळीस मिनिटं. मार्केटिंग आलं, कायदा विभाग आला, कँटीन आलं. गेम बनत असताना सहकाऱ्यांना झालेल्या बाळांचीही यादी आली, तशी पद्धतच आहे, आणि बाळांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पाळण्यातलं पोर यादीत आणि अकरा महिने पिंपं करणारा बाहेर? आई म्हणाली, "तू नक्की तिथेच जात होतास ना रे?" ही खोड सगळ्या धंद्याची आहे. 2018 च्या 'रेड डेड रिडेम्प्शन 2'मध्ये शेवटपर्यंत टिकलेल्यांचीच नावं. आधी गेलेल्यांचे आभार संकेतस्थळावरच्या वेगळ्या यादीत. 2021 चा 'मेट्रॉइड ड्रेड' करणाऱ्या मर्क्युरीस्टीमचा तर नियमच होता: निर्मितीच्या 25 टक्के काळ काम केलं नसेल तर नाव नाही. म्हणजे मॉडेल ठेवणार, माणूस पुसणार. अहो, माझी पिंपं काढा ना मग गेममधून! बघू कुठे लपतो तुमचा हीरो!

थोडी तरी लाज वाटू द्या. चाळीस मिनिटांच्या यादीत शंभर नावं वाढली तर कुणाचं काय जातं? पैसे मागतंय का कोणी? आणि फ्रेशर मंडळी, तुम्हीही ऐका. सही करताना पुतळ्याकडे बघत बसू नका. मध्येच सोडलं तर नाव राहणार का, हे एचआरला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी सगळे "होईल हो" म्हणतात. मलाही म्हणाले होते.