तुमच्याकडे बरं असतं बाई!

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा मालिकांवरून जुंपली. सासू सुनेची थोरली बहीण वाटते, हा मुद्दा. मावशीनं लगेच रीमा लागूंचा दाखला काढला. जन्म १९५८चा, आणि १९९९च्या ‘वास्तव’मध्ये संजय दत्तच्या आई. तो त्यांच्याहून जेमतेम वर्षानं लहान! मग मला टोमणा, “तुमच्या अमेरिकेत बरं असतं बाई, साठीतल्या नट्यांना ऑस्कर देतात.”

रोख फ्रान्सिस मॅकडॉर्मंड या अमेरिकन अभिनेत्रीवर होता. मी राहते मिनियापोलिसला, म्हणजे तिच्या ‘फार्गो’ सिनेमाच्या मुलखात. जानेवारीत सकाळी समोरची शेजारीण कानटोपी घालून गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडते, तेव्हा मला हटकून तिनं त्यात साकारलेली मार्ज आठवते. सात महिन्यांची गरोदर पोलीस प्रमुख. बर्फात पडलेली प्रेतं तपासता तपासता ती वाकते. सोबतच्याला वाटतं, काही पुरावा सापडला. कसला पुरावा, बाईंना मळमळतंय! क्षणात सावरते आणि म्हणते, आता परत भूक लागली. सिनेमा अर्धा तास उलटल्यावर येते आणि सगळा खिशात घालते. १९९७चं ऑस्कर त्याच भूमिकेचं.

पण मार्ज मॅकडॉर्मंडसाठी लिहिली कोणी? नवऱ्यानं आणि दिरानं. म्हणजे सिनेमावाल्या कोएन बंधूंनी.

पुढच्या भूमिका मात्र कोणी ताटात वाढून दिल्या नाहीत. ‘ऑलिव्ह किटरिज’ ही खाष्ट गणित शिक्षिकेची कादंबरी, ती पडद्यावर आणायचे हक्क मॅकडॉर्मंडनं स्वतः घेतले. २०१४ला त्यावर एचबीओची मालिका आली, पुढच्या वर्षी एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं. ‘नोमॅडलँड’ सिनेमाचंही तेच. पुस्तकाचे हक्क घेण्यात ती होती, निर्मातीही ती, आणि व्हॅनमध्ये राहणाऱ्या खऱ्याखुऱ्या माणसांसोबत काम करणारीही तीच. २०२१ला एक ऑस्कर अभिनयाचं, दुसरं निर्मितीचं. मधलं २०१८चं घेताना तर तिनं नामांकन मिळालेल्या सगळ्या बायकांना उभं केलं आणि निर्मात्यांना सुनावलं, की आज रात्रीच्या पार्टीत नको, दोन दिवसांनी ऑफिसात बोलवा. आमच्याकडे गोष्टी आहेत, पैसे हवेत.

हे टाळ्यांचं वाक्य नव्हे, व्यवहाराचं आहे. म्हणून मला ते जास्त आवडतं.

बाकी ‘इथं बरं’ वगैरे काही नाही. १९८८च्या ‘पंचलाइन’मध्ये टॉम हँक्स जिच्या प्रेमात पडतो ती सॅली फील्ड सहा वर्षांत ‘फॉरेस्ट गंप’मध्ये त्याची आई झाली. वयातलं अंतर दहा वर्षांचं. आपण मात्र सासू कोण झाली यावरच भांडतो. गोष्ट कोणाच्या मालकीची, हे विचारायला हवं, असं मी ग्रुपवर लिहिलं.

मावशीचं उत्तर आलं, “हक्क विकत घ्यायला आपल्या नट्यांनी पैसे कुठून आणायचे गं? आणि घरात दिग्दर्शक नवरा?”

त्यावर मी अजून काही लिहिलेलं नाही.