पाचव्या भागाने अंग धरलं

कुठल्याही कादंबरीमालिकेतलं पहिलं पुस्तक पंचवटी एक्स्प्रेसमध्ये उभ्याने वाचता येतं. एका हाताने वरचा दांडा धरायचा, दुसऱ्या हातात पुस्तक, पान उलटायला अंगठा पुरतो. पाचव्या पुस्तकाला मात्र बसायला जागा लागते, आणि नाशिकरोडला ती मिळणं पासवाल्यांच्या मर्जीवर असतं. झोपून वाचावं तर ते नाकावर पडतं. पहिला भाग नाकावर पडला तर झोप मोडते, पाचवा पडला तर चष्मा.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर हिशेब मांडू. हॅरी पॉटरचा १९९७ चा पहिला भाग मूळ ब्रिटिश आवृत्तीत २२३ पानांचा, २००३ चा पाचवा ७६६ पानांचा. आपल्याकडच्या साध्या ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावर डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकारात छापलं तर दोन्ही बाजूंना मिळून दोन पानं मावणाऱ्या एका कागदाचं वजन २ ग्रॅमच्या किंचित वर जातं. त्या मापाने पहिला भाग पाव किलोच्या आत आणि पाचवा मुखपृष्ठ सोडून ८०० ग्रॅम. मुलगा चार वर्षांनी मोठा झाला, हे मान्य. पण साडेतीन पट?

लोक म्हणतात, कथा वाढली म्हणून पुस्तक वाढलं. माझ्या मते हे अर्धंच खरं. पुस्तक वाढतं, कारण ‘हे काढा’ म्हणणाऱ्याचा आवाज भागागणिक बारीक होत जातो.

पहिल्या भागाच्या वेळी लेखकाला कोणी ओळखत नसतं. कागद, छपाई, बांधणी यांचे पैसे प्रकाशकाला आधी घालावे लागतात, पुस्तकं परत आली तर गोदाम त्याचंच. त्यामुळे संपादक बिनधास्त म्हणतो, नायकाच्या मावशीचं बालपण काढा. लेखक काढतो. पाचव्या भागापर्यंत त्या मावशीचेही चाहते झालेले असतात. त्यात प्रकाशनाची तारीख हस्तलिखिताच्या आधी जाहीर होते, आणि वेळ कमी पडला की पहिला बळी काटछाटीचा जातो. एक प्रकरण काढायचं म्हणजे नुसती वीस पानं उचलायची नसतात. त्यात मिळालेली किल्ली पुढे कुठे कुठे वापरली, त्यातली जखम कोणाच्या गालावर दिसते, हे सगळं शोधून सांधावं लागतं. त्यापेक्षा प्रकरण राहू देणं सोपं. राहतं.

दुसरं कारण पात्रांचं. पाच पात्रांत जोड्या दहा होतात, वीस पात्रांत १९०. प्रत्येक जोडीत भांडण, प्रेम किंवा निदान ओळख तरी हवी. लग्नाच्या यादीचं तत्त्व इथेही चालतं: एकदा नाव घातलं की पुढच्या कार्याला वगळता येत नाही. बरं, पात्रं एका गावात राहत नाहीत. एक उत्तरेला, एक बेटावर, एक तुरुंगात. सगळ्यांकडे फिरून येईपर्यंत पहिल्याचं काय चाललं होतं ते वाचक विसरतो, म्हणून परतल्यावर अर्धं पान आठवण करून देण्यात जातं. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ मालिकेचा चौथा भाग इतका फुगला की त्यांनी पात्रांचीच वाटणी केली. निम्मी २००५ च्या पुस्तकात, उरलेली त्याच काळातल्या हकिकतीसह पाचव्यात. तो आला २०११ मध्ये. सहा वर्षं निम्मी पात्रं फलाटावरच.

मग ‘मागील भागात’ हा प्रकार. चांगला लेखक तो संवादात लपवतो, आणि तिथेच पकडला जातो. “तुला आठवतंच असेल, तुझ्या वडिलांना तिसऱ्या लढाईत माझ्या काकांनी दगा दिला होता.” आठवेल नाही तर काय? वडील त्याचे होते!

शेवटच्या भागात सगळे धागे एकदम बांधायचे असतात. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘व्हील ऑफ टाइम’चा शेवट एका पुस्तकात करायचं ठरलं होतं. २००७ मध्ये ते गेले, काम ब्रँडन सँडरसन यांच्याकडे आलं आणि त्या एका शेवटाची तीन पुस्तकं झाली: २००९, २०१० आणि २०१३.

अर्थात वाढ हा काही निसर्गनियम नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण पुस्तक छोटं ते छोटंच राहिलं. किंमत आणि पानं आधी ठरली की खुनी वेळेवर सापडतो. आमच्या नाशिकरोडला छापल्या जाणाऱ्या मालिकेने तर अंग उतरवलं आहे. पाचशेची जुनी नोट १६७ बाय ७३ मिलिमीटरची होती, नव्या मालिकेतली १५० बाय ६६. तरी एकाही वाचकाने ‘पूर्वीसारखी मजा नाही’ म्हणून ती परत केल्याचं ऐकिवात नाही.

आता विकत घेताना. जाडीवर विश्वास ठेवू नका. प्रकाशक टाइप बारीक करून आणि ओळी जवळ आणून लठ्ठपणा लपवतो. पानावर ३० ओळी आणि ओळीत दहा शब्द असले तर ३०० शब्द होतात. ३६ ओळी आणि अकरा शब्द झाले की ३९६. म्हणजे तेवढ्याच पानांत एक तृतीयांश मजकूर जास्त कोंबता येतो. भरभराटीच्या काळात याच्या उलटही करतात.

दुसरं, कणा वरून बघा. पुस्तक सोळा पानी फर्म्यांचं, म्हणजे एकच मोठा कागद छापून घडी घातलेल्या जुडग्यांचं असतं. २४० पानांना १५ फर्मे, ७६८ पानांना ४८. कण्याच्या टोकाशी फर्म्यांच्या घड्या वेगवेगळ्या दिसल्या आणि एखाद्या फर्म्याच्या मध्यावर दोरा सापडला, तर शिलाई आहे, निर्धास्त घ्या. सगळं सपाट कापून नुसत्या गोंदाने चिकटवलेलं असेल तर ४८ फर्म्यांचा भार त्या गोंदावर. थंडीत हा गोंद कडक होतो. जानेवारीत निफाडचा पारा घसरलेला असताना असं पुस्तक मधोमध उघडून पालथं ठेवलं, की युद्धाचं प्रकरण हातात येतं. नवं पुस्तक उघडताना सुरुवातीची दहा-पंधरा पानं, मग शेवटची तेवढीच, असं आलटून पालटून हलकेच दाबत मध्यापर्यंत यावं. आणि फर्मे मोजून घ्यावेत. जाड पुस्तकात एखादा दोनदा लागतो, एखादा लागतच नाही, आणि लागला नाही तो नेमका खुनाचा असतो.

राहिलं कपाट. पहिल्या भागाची जाडी गुणिले एकूण भाग, असं माप सुताराला देऊ नये. कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर धरली तर हॅरीचा पहिला भाग साधारण ११ मिलिमीटरचा. सातने गुणलं की ८ सेंटिमीटरही भरत नाहीत. प्रत्यक्षात सातही भागांची मिळून ३,४०० पानं होतात, म्हणजे १७ सेंटिमीटर. पुठ्ठे वेगळे. आणि लेखक हयात असेल तर फळी भिंतीपर्यंत न्यावी.