गोचिडांत जंतू सापडले म्हणजे दूध विषारी झालं, असं नाही

सोलापूर, मोहोळ, सांगोल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतंय: ‘गाईच्या गोचिडांत जंतू सापडले, दूध बंद करा, गोचीड ताप माणसालाही होतो.’ हे चुकीचं आहे.

पीसीआर या प्रयोगशाळेतल्या तपासणीत जंतूचा जनुकीय अंश आहे का, एवढंच कळतं. गोचीड रक्तावरच जगते. बाधित जनावराचं रक्त प्यायल्यावर तो अंश तिच्या पोटात दिसू शकतो. ती रोग पसरवतेच, हे त्यावरून ठरत नाही. आपल्या गाईंना होणारा गोचीड ताप, म्हणजे थायलेरिया या सूक्ष्म जंतूचा ताप, माणसाला होत नाही. दूध नेहमीसारखं उकळून प्या. घाबरून कुणी दुभती म्हैस कवडीमोलाने विकू नये, एवढी कळकळीची विनंती.

माणसाला जपायचं ते क्रिमियन-काँगो या वेगळ्या, विषाणूमुळे येणाऱ्या तापापासून. भारतात तो २०११ मध्ये गुजरातेत आढळला. हायलोमा जातीच्या गोचिडा आणि बाधित जनावराचं रक्त यांतून तो येतो, आणि जनावर मात्र ठणठणीत दिसतं. म्हणूनच सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या माळावर, जिथे काळवीट आहेत आणि गुरंही, दोन्हीकडच्या गोचिडा तपासणं मोलाचं आहे.

गोचीड नखाने चिरडू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. नंतर ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.