डबा हलवून फवारला, की झाले वंगण?

मोटारसायकलच्या चेनला कोणते वंगण घालावे, या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर मला कोल्हापुरात गेल्या दोन वर्षांत एकाही दुकानदाराने दिलेले नाही, आणि आता माझा संयम संपला आहे. दुकानात पाऊल ठेवले, की प्रश्न पुरता ऐकून घेण्याआधीच दुकानदाराचा हात मागच्या फळीकडे जातो, एक चकचकीत डबा काउंटरवर आदळतो आणि "हेच मारा, सगळे हेच नेतात" असे म्हणून पैसे मागितले जातात. चेन साधी आहे की सांध्यांत रबरी रिंगा असलेली, म्हणजे ओ-रिंगची, तिच्यावर पूर्ण झाकण आहे की ती उघडी आहे, गाडी चिखलातून जाते की डांबरावरून, यांतले एक अक्षर विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. अहो, याच गावात चप्पल घ्यायला गेलो तर आधी पायाचे माप विचारतात!

मी राहतो रंकाळ्याजवळ आणि रोज कामाला जातो गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत. पहिल्यांदा मी असाच एक चिकट स्प्रे विश्वासाने घेतला. "मारा आणि निघा," असे दुकानदाराने सांगितले, म्हणून मी मारला आणि पत्नीला मागे बसवून निघालो. दसरा चौकात पोहोचेपर्यंत मागच्या रिमपासून नंबरप्लेटपर्यंत काळे फराटे उमटले होते आणि पत्नीच्या मोतिया रंगाच्या साडीच्या काठावर मोहरीएवढ्या काळ्या ठिपक्यांची रांग लागली होती. ती साडी तीन वेळा धुऊनही आजतागायत कपाटातच आहे. तक्रार घेऊन गेलो तर उत्तर मिळाले, "तुम्ही जास्त मारलात." मग किती मारायचा होता? "अंदाजाने." घरी येऊन भिंग लावून डब्यावरची बारीक अक्षरे वाचली तेव्हा कळले, की हा स्प्रे आत झिरपावा म्हणून त्यात पातळ द्रावक मिसळलेला असतो, तो उडून जाऊन वंगण घट्ट व्हायला वेळ लागतो आणि तोवर गाडी हलवायची नसते. म्हणजे रात्री मारून सकाळी निघायचे. हे एक वाक्य सांगायला दुकानदाराचे काय जात होते?

बरे, घट्ट झाल्यावर तरी सुख लागावे, तर तेही नाही. उसाचा हंगाम सुरू झाला, रस्त्यावर ट्रॉल्यांनी माती सांडली आणि त्यात आमच्या भागातल्या फाउंड्र्यांची वाळू मिसळली. ती सगळी धूळ त्या चिकट थरावर बसली. एकदा चेनवरचा काळा लगदा चिमटीत घेऊन चोळला तर बोटांना अक्षरशः पॉलिश पेपर लागला. हाच लगदा घेऊन चेन दर मैलाला शेकडो वेळा स्प्रॉकेटवरून, म्हणजे तिच्या दातेरी चाकांवरून, फिरत होती आणि मी मात्र वंगण केल्याच्या समाधानात होतो.

तरीही खरा कहर केला तो मिस्त्रीने. सर्व्हिसिंगला गाडी टाकली आणि परत आलो तेव्हा हा सद्गृहस्थ पेट्रोलच्या डब्यात तारेचा ब्रश बुडवून ओ-रिंगची चेन घासत होता, आणि शेजारच्या पत्र्याच्या डब्यात गाडीचेच जळके ऑइल पुढच्या संस्कारासाठी तयार ठेवले होते. या चेनमध्ये पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, यांच्यामधले ग्रीस कारखान्यातच भरलेले असते आणि ते आत राहावे म्हणून दोन्ही बाजूंना रबराच्या बारीक रिंगा बसवलेल्या असतात. तारेच्या ब्रशने त्या रिंगा फाटतात आणि पेट्रोलने त्यांचे रबर खराब होते. एकदा आतले ग्रीस गेले, की बाहेरून कितीही महागडे वंगण ओतले तरी ते त्या जागी पोहोचत नाही. जळक्या ऑइलमध्ये तर इंजिनातला धातूचा कीस असतो. मी हे सांगू लागलो तेव्हा तो हसून म्हणाला, "साहेब, वीस वर्षं हेच करतोय." पाच महिन्यांत चेनचे दुवे जागोजागी आखडले आणि चेनसह दोन्ही स्प्रॉकेटांचे किट बदलण्याचे तीन हजार आठशे रुपये माझ्या खिशातून गेले. ज्या गावच्या उद्यमनगरात लेथवरचा कारागीर सुतभर फरकासाठी जॉब नाकारतो, तिथे चेनच्या बाबतीत मात्र ही बेफिकिरी का?

मधल्या काळात एका हितचिंतकाने गंज सोडवायचा पातळ स्प्रे "सगळ्याला चालतो" म्हणून हाती दिला. गगनबावड्याच्या पावसातून एकदा जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चेन विटकरी झालेली दिसली. त्याबद्दल अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

शेवटी उत्तर सापडले ते गाडीसोबत आलेल्या आणि कोणीही न उघडलेल्या पुस्तिकेत: नव्वद नंबरचे गिअर ऑइल, दर 500 किलोमीटरला. आता मी रॉकेल आणि मऊ ब्रशने चेन धुतो, फडक्याने कोरडी करतो, खालच्या बाजूच्या चेनवर आतून थेंब थेंब ऑइल सोडत चाक हाताने फिरवतो आणि वरचे सगळे पुसून घेतो. पावसात भिजून आलो तर 500 ची वाट पाहत नाही. थोडे उडते, हे मान्य; पण ते पुसता येते आणि त्यावर वाळूचा थर बसत नाही.

तर परवा हेच ऑइल अर्धा लिटर मागायला त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले, "ते ट्रकला घालतात, साहेब," असे म्हटले आणि त्याचा हात पुन्हा मागच्या फळीकडे गेला.